‘नांदणे’ म्हणजे नुसते राहणे नव्हे

नांदेड - सासरी गेलेली लेक तेथे ‘राहते’ असे मराठवाड्यात कोणी म्हणत नाही, ती ‘नांदते’. नांदेड, लातूरच्या न्यायालयांतील कौटुंबिक वादांतही हेच क्रियापद कानी पडते. पत्नी नांदण्यास येत नाही, ही पतीची तक्रार. पती नांदवत नाही, ही पत्नीची.

संस्कृतातील ‘नन्द्’ म्हणजे आनंदित होणे, या धातूपासून हे क्रियापद आले. आनंद, नंदन, अभिनंदन हे शब्द याच कुळातले. मराठीत त्याला वास्तव्याचा अर्थ जडला. तरी मूळचे सुख सुटले नाही. म्हणूनच घरात लक्ष्मी आणि गावात शांतता नांदते, रोगराई नांदत नाही. नांदेडचे नावही या धातूला परके नाही. वाशीम येथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्ती या वाकाटक राजाच्या ताम्रपटातील ‘नांदीकड’ म्हणजे नांदेड, असे अभ्यासक मानतात. ‘नंदी’ या शब्दाचे मूळही ‘नन्द्’ हेच.

असाच प्रवास जर्मन भाषेतही घडला. तेथे राहण्याला ‘व्होनेन’ म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ संतुष्ट असणे, रुळणे असा होता. परमसुख या अर्थाचा ‘व्होन्ने’ हा शब्द त्याचा भाऊबंद, तर आवडणे, इच्छिणे या अर्थाचा संस्कृत ‘वन्’ धातू दूरचा आप्त. मात्र आजच्या जर्मनमध्ये सुखाचा अर्थ पुसला गेला असून, केवळ वास्तव्य उरले आहे.

मराठीत तो उरल्यामुळेच पेच निर्माण होतो. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये पत्नी रखमाबाईंविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. बालपणी, संमतीविना झालेले लग्न रखमाबाईंना मान्य नव्हते. मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा आदेश दिला. त्यांनी तुरुंगाची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या डॉक्टर झाल्या.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार सहजीवनासाठी आजही दाद मागता येते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ च्या कलम १७ ने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. पैसे आणल्याशिवाय नांदवणार नाही, असे म्हणत छळ करणाऱ्यांवर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली गुन्हा नोंदविला जातो. कायदा छप्पर मिळवून देतो आणि छळाला शिक्षा करतो. ‘नांदणे’ या शब्दातील सुख मात्र घरातील माणसांनीच द्यावयाचे असते.