पाणपक्ष्यांचे फोटो : बांधावरच्या चार गोष्टी



लागण, खोडवा आणि हुमणी सोडून या पानावर आम्ही सहसा दुसरे काही लिहीत नाही. या अंकात विषय थोडा वेगळा आहे. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्याकाठच्या गटांत फिरताना सभासद एक प्रश्न हमखास विचारतात : "साहेब, ही पुण्याची माणसं पहाटे येऊन चिखलात पोटावर पडतात, ती बघतात तरी काय?" आता तर आपल्या घरची मुलेही मोबाईल आणि कॅमेरे घेऊन त्यांच्या शेजारी पडू लागली आहेत. तेव्हा हा उद्योग काय आहे, तो नीट कसा करावा, आणि त्यात पिकाचे व पक्ष्यांचे नुकसान कसे टाळावे, हे समजून घेणे जरूर आहे.

पक्षी आपल्याकडेच का येतात?

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी दूरवर मागे पसरले. पावसाळ्यात भरलेले हे पाणी पुढे उतरू लागते तसा काठाला ओला गाळ उघडा पडतो. आपण जिथे गाळपेर करतो, तीच ही जागा. या गाळात किडे, अळ्या, गोगलगायी आणि शेवाळ भरपूर असते. पक्ष्यांच्या दृष्टीने ते भरलेले ताट आहे.

प्रत्येकाची चोच आणि पाय वेगळे असतात. चिखल्या वरवरचे टिपतो. लांब लाल पायांचा शेकाट्या घोटाभर पाण्यात फिरतो. पाणटिवळा लांब चोच गाळात खोल खुपसतो. चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो, तर रोहित मान उलटी करून चोचीने पाणी गाळून घेतो. एकाच गाळावर पाच पंगती बसतात आणि कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही.

यांतले बरेच पाहुणे सैबेरिया व मध्य आशियाकडून येतात. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. बहुतेक जण मार्च-एप्रिलमध्ये परत निघतात. त्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची, हेच त्यांचे इथले मुख्य काम. फोटोसाठी थवा एकदा उडवला की त्याचे खाणे थांबते आणि साठवलेले खर्च होते. दिवसातून दहा वेळा उडवला तर काय होईल, याचा हिशेब शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको.

मंडईत मिळालेला धडा

मध्यंतरी कारखान्याच्या कामासाठी पुण्यात मंडईजवळ मुक्काम पडला होता. ही मंडई १८८६ साली रे मार्केट या नावाने सुरू झाली. इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असे नगरपालिकेत सांगणाऱ्या जोतीराव फुल्यांचेच नाव पुढे तिला मिळाले. पहाटे आम्ही कॅमेरा गळ्यात घालून तिथून नदीकडे निघालो होतो. गाळे नुकतेच लागत होते. एक मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. समोरून गिऱ्हाईक जात होते, तरी त्या मान वर करीना. आम्ही सहज विचारले, तर म्हणाल्या, "टक लावून बघितलं की गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर जातं. आपण आपलं काम करत राहायचं, ते आपसूक थांबतं."

हसून पुढे गेलो. ओंकारेश्वराच्या खाली मुठेच्या पात्रात दहा-बारा शेकाटे चरत होते. आम्ही कॅमेरा डोळ्याला लावून सरळ त्यांच्यावर चालून गेलो. सगळे ओरडत उडाले. तेव्हा मावशींचे बोल आठवले. एका दगडावर खाली बघत गुपचूप बसलो. वीसेक मिनिटांनी शेकाटे आपणहून परतले आणि चरत चरत पंधरा पावलांवर आले.

पाणी मात्र काळे होते. हीच मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा कवडीपाटावरून पुढे भीमेला जाते आणि भीमा उजनीत येते. पुण्यात नदीत जे पडते, ते शेवटी आपल्या बांधाला लागते. म्हणून मुठेतले शेकाटे आणि आपल्या गाळावरचे शेकाटे ही एकाच पाण्यावरची बिऱ्हाडे समजावीत.

पाणी पाजणाऱ्याला पक्षी का भीत नाहीत?

नांगरट चालू असताना गायबगळे फाळामागे चार हातांवर चालतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मातीतून वर आलेली हुमणी ते टिपून खातात. उन्हाळी खोल नांगरट करा असे आम्ही सांगतो, त्यामागे हेही एक कारण असते. हाच बगळा फोटोवाल्याला पाहून लांबूनच उडतो. असे का?

पाणी पाजणारा माणूस वाकलेला असतो, हळू चालतो, त्याची नजर दाऱ्यावर असते. तो रोजचा असतो. फोटोवाला ताठ उभा राहतो, पक्ष्याकडे रोखून बघतो आणि सरळ त्याच्याच दिशेने येतो. पक्ष्याच्या लेखी अशी चाल शिकाऱ्याची. तेव्हा लाखाची लेन्स नसली तरी पक्ष्याजवळ जाण्याची विद्या आपल्या घरातच आहे.

प्रत्यक्ष कृती

१) सूर्योदयापूर्वी जागेवर बसावे. ऊन तापल्यावर जमिनीवरून वाफ हलते आणि फोटो पुसट येतो.

२) ऊन आणि वारा दोन्ही पाठीवर घ्यावेत. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि वाऱ्याच्या विरुद्ध उडतात, म्हणजे त्यांचे तोंड आपल्याकडे राहते.

३) गोणपाट आणि पाचट यांचा साधा आडोसा करावा. पाचट जाळू नका असे आम्ही सांगतोच. हा त्याचा आणखी एक उपयोग.

४) कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर ठेवावा. पोटावर पडतात ते यासाठीच. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी कमी आणि चिखल जास्त दिसतो.

५) चरणाऱ्या पक्ष्याला शटर सेकंदाच्या ५००व्या भागाचे आणि उडत्याला १०००व्या भागाचे किंवा त्याहून जलद ठेवावे. काळ्या गाळावरचा पांढरा बगळा कॅमेऱ्याला फसवतो. पिसे पांढरीफटक जळतात, म्हणून उजेड थोडा कमी करावा.

६) नाव पक्ष्यांवर सरळ घालू नये. यंत्र लांबच बंद करून बांबूने हळूहळू तिरके जावे. ड्रोन उडवू नये, खडे मारू नयेत.

७) पक्ष्याने खाणे थांबवून मान उंच केली की आपण हद्द ओलांडली असे समजावे. तिथेच थांबावे किंवा मागे सरावे.

आमची एक चूक

टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत खळगा करून बहुधा चार अंडी घालते. एप्रिल महिन्यात एका सभासदांच्या पडीक तुकड्यात असे घरटे दिसले. अंड्यांवर बसलेल्या टिटवीचा फोटो हवा म्हणून आम्ही भर दुपारी जवळ ठाण मांडले. ती डोक्यावर ओरडत फिरत राहिली आणि आम्ही अर्धा-पाऊण तास हललो नाही. फोटो चांगला आला. पुढे पंधरवड्याने गेलो तेव्हा अंडी तशीच पडून होती. शेताचे मालक, वयोवृद्ध अण्णा, एवढेच म्हणाले, "उन्हात उकडली, साहेब. ती पोट भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही तिला बसू दिलं नाही." तो फोटो आम्ही कुणाला दाखवत नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पक्ष्यांची अंडी व घरटी छेडणे ही शिकारच धरली जाते. पण कायद्याच्याही आधी अण्णांचे बोल लक्षात ठेवावेत.

सभासदांना विनंती

पाहुणे आले तर त्यांना अडवू नका, पण वाट आपण दाखवा. कोवळ्या लागणीतून कोणी जाणार नाही, असे आधीच बजावा. घरट्याजवळ कुणाला नेऊ नका, मग तो कितीही पैसे देवो. भिगवण, कुंभारगाव भागात नाववाल्यांना पक्ष्यांमुळे चार पैसे मिळतात. पक्षी तिथे राहतात तोवरच ही मिळकत. आणि मशागतीत टिटवीचे घरटे दिसले, तर हातभर जागा सोडून नांगर वळवा. तेवढ्याने एकरी उतारा घटत नाही.

फोटो काढून आपण उठून गेल्यावरही पक्षी तिथेच चरत राहिला, तर तो फोटो चांगला.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी