हरकती, सूचना आणि संकेतस्थळ

वडील गेल्यानंतर काही दिवसांनी आईने मला एकच काम सांगितले, "घरपट्टी माझ्या नावावर करून घे." मी महापालिकेचे संकेतस्थळ उघडले आणि शोधचौकटीत 'घरपट्टी' हा शब्द टाकला. एकही नोंद आढळली नाही, असे उत्तर आले. पुढे कळले की तिथे घरपट्टीला 'मालमत्ता कर' म्हणतात, नावावर करण्याला 'हस्तांतरण' म्हणतात आणि अर्जाचा नमुना करविभागाच्या पानाच्या अगदी तळाशी, तिरक्या स्कॅन केलेल्या एका पीडीएफमध्ये आहे. काम शेवटी झाले ते कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका गृहस्थांमुळे. त्यांनी कोरा अर्ज दिला, कोणकोणती कागदपत्रे लागतील ते तोंडपाठ सांगितले, कोणत्या खिडकीवर किती वाजता जायचे तेही सांगितले आणि आपले पैसे घेतले.

त्या गृहस्थांकडे असे काय होते, जे महापालिकेच्या संकेतस्थळाकडे नव्हते? माहिती दोघांकडे तीच होती. फरक एवढाच की माणूस काय विचारत येतो, हे त्यांना ठाऊक होते. काही काळाने त्याच शहरात नवे संकेतस्थळ करायचे ठरले, रीतसर 'हरकती व सूचना' मागवल्या गेल्या आणि एका नागरिक गटाबरोबर मीही त्या कामात ओढला गेलो. तेव्हा इतर शहरांनी हे कसे केले ते वाचले, आणि आपल्याकडे ते का अडते तेही जवळून पाहिले. त्या दोन्हींची ही मांडणी आहे.

विभागांचा नकाशा आणि माणसांची कामे

जुनी सरकारी संकेतस्थळे बहुधा एकाच साच्यातली असतात. डोक्यावर पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, मध्ये सरकती बातमीपट्टी, डाव्या हाताला विभागांची यादी. या यादीत कार्यालयाची अंतर्गत रचना जशीच्या तशी उतरलेली असते. पण नागरिकाला कार्यालयाची रचना माहीत नसते आणि ती माहीत असण्याचे त्याला कारणही नाही. झाडाची फांदी तोडायची परवानगी उद्यान विभागाकडे मागायची की प्रभाग कार्यालयाकडे, हे ठरवण्याची जबाबदारी असे संकेतस्थळ त्याच्यावरच टाकते.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाला तोंड फोडले ते मार्था लेन फॉक्स यांच्या २०१० मधल्या अहवालाने. २०११ मध्ये एका छोट्या गटाने प्रायोगिक आवृत्ती लोकांसमोर ठेवली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये नवे शासकीय संकेतस्थळ सुरू झाले. त्यांच्या रचनातत्त्वांतले पहिले तत्त्व असे, की सुरुवात लोकांच्या गरजेपासून करावी, शासनाच्या गरजेपासून नव्हे. लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०१३ मध्ये या संकेतस्थळाला वर्षातील सर्वोत्तम रचनेचा पुरस्कार दिला. दिसायला ते अगदी साधे आहे, जवळपास नुसता मजकूर.

पण ते देशाचे संकेतस्थळ. शहराचे उदाहरण म्हणून अमेरिकेतले बॉस्टन पाहण्यासारखे आहे. महापौर मार्टी वॉल्श यांच्या कारकिर्दीत तिथल्या नगरप्रशासनाने 'आयडिओ' ही रचनासंस्था आणि 'अ‍ॅक्विया' ही कंपनी यांच्या साहाय्याने जुने संकेतस्थळ बदलायला घेतले. जानेवारी २०१६ मध्ये अर्धीकच्ची प्रायोगिक आवृत्ती लोकांना वापरायला दिली. जुने संकेतस्थळ तोवर चालूच होते. लोकांचे अभिप्राय घेत घेत दुरुस्त्या केल्या आणि जुलै २०१६ मध्ये नवे संकेतस्थळ अधिकृत झाले. पुढे त्याची संगणकीय संहिताही सर्वांना पाहता येईल अशी खुली केली.

तिथला एक तपशील मला फार बोलका वाटतो. बॉस्टन हे विद्यार्थ्यांचे शहर. तिथले असंख्य भाडेकरार १ सप्टेंबरला सुरू होतात, त्यामुळे त्या दिवशी अर्धे शहर घर बदलत असते. सामानाचा ट्रक घरासमोर उभा करायला नगरप्रशासनाचा परवाना लागतो, जुन्या गाद्या-कपाटांची विल्हेवाट लावावी लागते, नव्या भागात कचरा कोणत्या वारी उचलतात ते पाहावे लागते. ही कामे वेगवेगळ्या खात्यांची, पण घर बदलणाऱ्याच्या दृष्टीने ते एकच काम. नव्या संकेतस्थळावर 'घर बदलणे' असा विषय धरून ही माहिती एकत्र आणली गेली. आपल्याकडे घरातला माणूस गेला की दाखला, घरपट्टी, पाणीपट्टी, शिधापत्रिका ही कामे अशीच एकामागोमाग येतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, हे अशा घरातल्या माणसाला पहिल्या ओळीत सांगायला हवे.

सूचना मागवणे आणि शेजारी बसणे

आता लोकसहभागाकडे येऊ. 'हरकती व सूचना' हा शब्दप्रयोग आपल्या ओळखीचा आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. पुण्यात २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठीही नागरिकांची कामे मागवण्याची पद्धत आहे. तेव्हा लोकांना विचारणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. प्रश्न आहे तो काय विचारायचे, कधी विचारायचे आणि मिळालेल्या उत्तराचे काय करायचे, हा.

शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासिकेने १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खाली लोकांना हवे तसे वळवून घेणे, तर सर्वांत वर लोकांच्या हाती नियंत्रण. मत विचारणे ही त्यातली चौथी पायरी. विचारले म्हणजे सहभाग झाला, असा समज करून घेणे हा दिखावा आहे, असे तिचे म्हणणे होते. मत विचारले, पण ते विचारात घेतले जाईल याची हमी नसेल, तर सत्ता होती तिथेच राहते.

आमच्या शहरात ज्या सूचना आल्या त्यांत रंग बदला, छायाचित्रे मोठी करा, सरकत्या पट्टीचा वेग कमी करा, अशांचाच भरणा होता. यात लोकांचा दोष नाही. 'संकेतस्थळ कसे असावे?' असा प्रश्न विचारला की माणूस दिसण्याबद्दल बोलतो. आपल्याला काय सापडले नाही, हे त्याला आठवत नाही. बहुतेकांना तर न सापडणे ही आपलीच चूक वाटते. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "मत नका विचारू, काम सांगा आणि गप्प बसून बघा."

योगायोगाने जगभरचे जाणकारही हेच सांगतात. याकोब नील्सन यांनी टॉमस लँडावर यांच्याबरोबर १९९३ मध्ये केलेल्या मांडणीच्या आधारे २००० साली दाखवून दिले, की पाच वापरकर्त्यांना प्रत्यक्ष काम करताना पाहिले तरी वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी कळतात. पाच हा आकडा ऐकून अधिकारी हसतात. पण इथे मतदान घ्यायचे नसते. दारात खड्डा आहे हे कळायला शंभर माणसे पडावी लागत नाहीत. मात्र ती पाच माणसे एकाच जातकुळीतली असतील, तर बाकीच्यांचे खड्डे दिसत नाहीत. म्हणून दुकानदार, घरकाम करणारी बाई, वृद्ध, अंध व्यक्ती, नुकता शहरात आलेला भाडेकरू, असे वेगवेगळे गट धरून प्रत्येकातले थोडे लोक घ्यावे लागतात.

आम्ही वॉर्डातल्या वाचनालयात एक मोबाइल आणि कामांची यादी घेऊन बसलो. पाणीपट्टी भरा, जन्मदाखल्याचा अर्ज शोधा, बंद पडलेल्या दिव्याची तक्रार करा. एका मेसवाल्या मावशींना खानावळीचा परवाना शोधायचा होता. त्या 'लायसन' शोधत होत्या, पानावर शब्द होता 'अनुज्ञप्ती'. तो शब्द त्यांनी वाचला, ओलांडला आणि पुढे गेल्या. थोड्या वेळाने मोबाइल परत देत म्हणाल्या, "आम्हाला नाही जमायचं हे. आमचा माणूस आहे, तो करून देतो." तो माणूस म्हणजे कचेरीबाहेर बसणाऱ्यांपैकीच कुणीतरी.

मराठी आहे, पण सापडत नाही

इथे आपला खास प्रश्न पुढे येतो. संकेतस्थळ मराठीत आहे, एवढ्याने ते मराठी माणसाचे होत नाही.

पहिली अडचण अक्षरांची. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो जगातल्या कोणत्याही यंत्रावर सारखाच राहतो. पण आपल्या कार्यालयांत दीर्घकाळ जुने फाँट चालले. त्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फाँट असलेल्या यंत्रावर 'पाणी' दिसते, पण यंत्राच्या लेखी ती काही रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. त्यामुळे असा मजकूर शोधात सापडत नाही, दुसरीकडे चिकटवला की त्याची खिचडी होते आणि अंध व्यक्तीचे वाचक सॉफ्टवेअर तो वाचू लागले की नुसता गोंधळ ऐकू येतो. दुसरी अडचण स्कॅन केलेल्या कागदांची. मजकूर ओळखण्याची प्रक्रिया केलेली नसेल, तर ते कागदाचे छायाचित्र असते, त्यात यंत्राला एकही शब्द दिसत नाही. माझी 'घरपट्टी' अशाच एका चित्रात होती.

तिसरी अडचण शब्दांची. लोक 'मयताचा दाखला' म्हणतात, 'नळ घ्यायचा' म्हणतात. परिभाषा चुकीची आहे असे मी म्हणत नाही. आदेशात, नियमात नेमका शब्द हवाच. पण दारावरची पाटी आणि आतला दस्तऐवज यांत फरक करता येतो. पानाच्या मथळ्यात लोकांचा शब्द, खाली एकदा अधिकृत शब्द, आणि शोधयंत्राला दोन्ही ठाऊक, एवढे केले तरी पुष्कळ. त्याला ऱ्हस्व-दीर्घाची चूकही पचली पाहिजे. रोमन लिपीत टाइप केलेली 'पाणीपट्टी'ही कळली पाहिजे, कारण मोबाइलवर अनेकजण तसेच लिहितात.

आम्ही त्या बैठकांतून शब्दांच्या जोड्यांची एक वही तयार केली. डाव्या बाजूला लोकांचा शब्द, उजवीकडे कार्यालयाचा. ती भरायला सर्वांत जास्त मदत कुणी केली असेल, तर नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनी. लोक काय विचारतात ते त्यांना रोज ऐकू येते. लोकसहभाग म्हणताना आपण या माणसांना सरकारच्या बाजूला मोजतो आणि विसरतो.

कायदा आपल्या बाजूने आहे

हे सारे म्हणजे हौस किंवा चैन नव्हे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपण अर्ज करण्यापुरता ओळखतो. पण त्याचे कलम ४ अर्ज न करताच मिळायच्या माहितीविषयी आहे. लोकांना या कायद्याचा आधार कमीत कमी घ्यावा लागेल अशा रीतीने माहिती आपणहून द्यावी, ती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात पोहोचण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग विचारात घ्यावा, असे ते सांगते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, कोणता अधिकारी देईल आणि अपील कुणाकडे करायचे, हे सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर दाखवावे लागते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये काढली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. अपंग व्यक्तींना वापरता येणे हा त्यांचा महत्त्वाचा भाग आहे.

मग अडते कुठे? माझ्या पाहण्यात ते निविदेत अडले. किती पाने, किती छायाचित्रे, कोणत्या सोयी, हे सारे कंत्राटात आधीच ठरले होते आणि हरकती-सूचना त्यानंतर मागवल्या गेल्या. तेव्हा कंत्राटदार कंपनीच्या तरुणाला आमचे म्हणणे पटूनही त्याच्या हातात फारसे नव्हते. बॉस्टनने प्रायोगिक आवृत्ती आधी काढली याचे महत्त्व मला तेव्हा कळले. चूक सापडल्यावर ती दुरुस्त करायला वेळ आणि पैसा शिल्लक असेल, तरच विचारण्याला अर्थ असतो. आणि संकेतस्थळ हे बांधून झाले की संपणारे काम नाही. दर बदलतात, अधिकारी बदलतात. रोज मजकूर सांभाळणारा, चांगले मराठी लिहिणारा माणूस आस्थापनेवर नसेल, तर नवे संकेतस्थळही दोन वर्षांत जुने होते.

आमच्या वहीतल्या पुष्कळ जोड्या शेवटी शोधयंत्रात घेतल्या गेल्या. छायाचित्रे आणि सरकती पट्टी आहे तिथेच आहेत. परवा मी पुन्हा 'घरपट्टी' शोधले, तर पहिल्याच ओळीत नेमके पान आले. अर्ज मात्र अजून छापून, भरून, खिडकीवरच द्यावा लागतो. कचेरीबाहेरचे ते गृहस्थ अजून तिथेच बसतात. पण मेसवाल्या मावशी यंदा परवान्याच्या नूतनीकरणाला कागदपत्रांची यादी घरूनच पाहून गेल्या आणि तेवढी एक फेरी वाचली, असे त्यांनी सांगितले.

वाचकांना एक विनंती. या दिवाळीत घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला आपल्या शहराच्या संकेतस्थळावर एक काम शोधायला सांगा. मदत करू नका, फक्त शेजारी बसा. ते कोणत्या शब्दाशी थांबतात तो शब्द लिहून घ्या आणि कलम ४ चा उल्लेख करून महापालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याला कळवा. हरकत आणि सूचना, दोन्ही त्यात येतील.