जपानी पत्रमित्राचा पत्ता

जपानमधील पत्रमित्राला पत्र धाडायचे आहे ना? मग आधी पाकिटाचा प्रवास ध्यानात घ्या. आपल्याकडे पत्रांची वाटणी प्रथम देशाच्या नावावरून होते. म्हणून ते शेवटच्या ओळीत, ठळक रोमन अक्षरांत हवे. उरलेला पत्ता जपानमध्येच वाचला जातो, त्यामुळे तो जपानी लिपीतही चालतो! जपानी लोक आधी प्रांत, मग शहर, घरक्रमांक व शेवटी नाव लिहितात. रोमन लिपीत मात्र क्रम उलटा. १९९८ पासून तेथील टपाल क्रमांक ७ अंकी आहे. एक अंक चुकला, तरी पत्र भरकटू शकते. स्वतःचा पत्ता व ‘इंडिया’ हे नावही रोमन अक्षरांत लिहायला विसरू नका. नाहीतर न पोचलेले पत्र परत यायचे कुठे?