तीस शेअरचे पन्नास, आणि वर चार दशांश

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांकडे एचडीएफसी लिमिटेडचे 30 शेअर होते. जुलै 2023 मध्ये डिमॅट खात्यातून ते गायब झाले आणि त्यांच्या जागी एचडीएफसी बँकेचे 50 शेअर येऊन बसले. मग काही दिवसांनी बचत खात्यात काहीशे रुपये जमा झाले. काका दोन्ही स्टेटमेंटच्या प्रिंट घेऊन माझ्याकडे आले. "मी काही विकलं नाही, काही घेतलं नाही. मग हे केलं कोणी?"

"कंपनीनं. आणि तुम्हाला विचारून केलं," मी म्हटलं. काकांना ते अजिबात पटलं नाही.

हिशेब सोपा आहे. लिमिटेड बँकेत विलीन होताना तिच्या 25 शेअरना बँकेचे 42, असं प्रमाण ठरलं होतं. बाजारात याला स्वॅप रेशो म्हणतात. एकाला 1.68, म्हणजे तिसाला 50.4. शेअर अर्धामुर्धा मिळत नाही. म्हणून सगळ्या भागधारकांचे असे तुकडे एकत्र करून विश्वस्तामार्फत बाजारात विकतात आणि ज्याचे त्याला पैसे देतात. काकांचे ते काहीशे रुपये म्हणजे हे चार दशांश.

विलीनीकरणाची घोषणा झाली 4 एप्रिल 2022 रोजी. ते अमलात आलं 1 जुलै 2023 रोजी. मधल्या जवळपास पंधरा महिन्यांत कागद फिरत होते. मूल्यांकनकाराचा अहवाल, मर्चंट बँकरचं 'हे प्रमाण वाजवी आहे' असं मत आणि लेखापरीक्षण समितीची शिफारस हे सगळं आधी शेअर बाजारांकडे आणि सेबीकडे जातं. त्यांचं निरीक्षण पत्र हातात आल्याशिवाय सूचीबद्ध कंपनीला राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाचं, म्हणजे एनसीएलटीचं, दार ठोठावता येत नाही. इथे मामला बँकेचा असल्यामुळे रिझर्व्ह बँकेची ना हरकतही लागली आणि ऑगस्ट 2022 मध्ये स्पर्धा आयोगाची मंजुरी आली.

मग येते ती जाहीर सूचना. कायदा सांगतो की भागधारकांच्या सभेची सूचना एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात छापायची. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईत असेल तर ती मराठी पेपरात येते. हरवलेलं शेअर सर्टिफिकेट, फ्लॅटचा मालकी हक्क आणि निविदा यांच्या गर्दीत, मुंगीच्या पावलांएवढ्या टायपात. मराठी अशी की आधी इंग्रजी सूचना वाचावी, मग मराठी समजते. तरीही पेपर रद्दीत टाकण्याआधी त्या पानावर एकदा नजर टाकावी. सभा कधी, मतदान कसं, योजनेची प्रत कुठे मिळेल, हे सगळं तिथे असतं.

काकांना हीच सूचना ईमेलनं आली होती. शोधल्यावर सापडलीही, न उघडलेली. सभा 25 नोव्हेंबर 2022 ला झाली. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 230 प्रमाणे मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त डोकी बाजूनं हवीत, आणि त्यांच्याकडचा हिस्सा मूल्यानं पाऊणपट हवा. पाऊणपट हिस्सा म्युच्युअल फंड आणि परदेशी संस्था मिळून सहज भरतात. डोकी मोजताना मात्र 30 शेअरवाले काका आणि कोट्यवधी शेअरवाला फंड सारखेच. छोट्या भागधारकाला आपलं वजन दाखवायची जागा असेल तर ती ही.

कारण दुसरी जागा 2013 च्या कायद्यानं अरुंद केली. पूर्वी एक शेअर असणाराही उच्च न्यायालयात उभा राहून हरकत घेऊ शकत असे. आता योजनेवर हरकत घ्यायला किमान 10 टक्के भागभांडवल किंवा एकूण कर्जाच्या 5 टक्के येणं हवं. निव्वळ अडवणुकीसाठी कोर्टात जाणारे पूर्वी होते, हे खरं. पण मोठ्या कंपनीत 10 टक्के म्हणजे हजारो कोटी. इतका मोठा उंबरठा घालून घरात या म्हणणं मला तरी फसवं वाटतं. उरतं काय, तर मत, आणि सेबीकडे किंवा शेअर बाजाराकडे वेळेत केलेली तक्रार. अशा तक्रारींचा अहवाल कंपनीला सादर करावाच लागतो.

हरकत घेतली तरी न्यायालय कितपत खोलात शिरतं? हमाम साबण बनवणारी टाटा ऑईल मिल्स 1993 च्या सुमारास हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन व्हायला निघाली, तेव्हा प्रमाण होतं 15 शेअरना 2. कर्मचारी संघटना आणि काही भागधारक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मूल्यांकन मान्य पद्धतींनी झालंय आणि बहुसंख्य भागधारकांनी स्वीकारलंय, असं म्हणत न्यायालयानं 1994 मध्ये हरकती फेटाळल्या. दोन वर्षांनी मफतलाल खटल्यात त्यानं आपली भूमिका पंचाची ठरवली: खेळ नियमानं झाला का ते बघायचं, धंद्याचं शहाणपण कंपनीवर सोडायचं. म्हणून नियमांचे कागदच एवढे महत्त्वाचे ठरतात. प्राप्तिकर खातं, कंपनी निबंधक, सेबी आणि इतर संबंधित खात्यांनाही योजनेची प्रत जाते. त्यांनी 30 दिवसांत काही कळवलं नाही, तर त्यांचं काही म्हणणं नाही असं धरतात.

एचडीएफसीच्या योजनेला कफ परेडला टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत बसणाऱ्या एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठानं 17 मार्च 2023 ला मंजुरी दिली. तेवढ्यानं कंपनी संपत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत 'आयएनसी-28' या फॉर्मसोबत 30 दिवसांत निबंधकांकडे दाखल करावी लागते.

आदेश हाती आला की स्टॅम्प ड्युटी आलीच. विलीनीकरणाचा आदेश हा दस्तऐवजच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये हिंदुस्थान लिव्हरच्याच प्रकरणात ठरवलं. रिलायन्स आणि रिलायन्स पेट्रोलियमच्या विलीनीकरणात एक आदेश मुंबईचा होता, दुसरा गुजरातचा. तिकडे भरलेले 10 कोटी इकडच्या 25 कोटींतून वजा करा, ही विनंती मुंबई उच्च न्यायालयानं 2016 मध्ये नाकारली. दोन राज्यं, दोन आदेश, दोनदा शुल्क.

काकांचा शेवटचा प्रश्न कराचा होता. एकाचे शेअर जाऊन दुसऱ्याचे आले, ती अदलाबदल विक्री धरत नाहीत. 50 शेअरना जुनीच खरेदी किंमत आणि जुनीच तारीख लागते. चार दशांश मात्र विकले गेले, त्याचा नफा रिटर्नमध्ये दाखवा, असं मी सांगितलं.

"जुनी तारीख म्हणजे कुठली? मी कागदी शेअर घेतले होते, ब्रोकरचं बिल असेल माळ्यावर," काका म्हणाले, आणि शिडी आणायला निघाले.