कारखान्याच्या वेबसाइटवर ‘नॉट सिक्युअर’ दिसतंय? ते घालवायला एक रुपयाही लागत नाही

सोलापूर-पुणे हायवेवरची चिंचोळी एमआयडीसी. इथून माल निघतो तेव्हा कंटेनरला सील लागतं, सीलचा नंबर कागदावर चढतो. पण अशाच एखाद्या कारखान्याची वेबसाइट उघडली, तर ब्राउझर वर लिहितो, ‘नॉट सिक्युअर’.

म्हणजे वेबसाइट हॅक झाली का? तर नाही. साइट साध्या एचटीटीपीवर चालतेय, म्हणजे माल उघड्या टेम्पोतून चाललाय. ग्राहकाने फॉर्ममध्ये भरलेला नंबर, पासवर्ड मधलं कुणीही वाचू शकतं. पानावरचा बँक खाते नंबरही वाटेत बदलता येतो. म्हणूनच जुलै 2018 पासून क्रोमने अशा सगळ्या साइट्सवर हा शिक्का मारायला सुरुवात केली.

मग करायचं काय?

सर्व्हरवर टीएलएस सर्टिफिकेट बसवायचं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था डिसेंबर 2015 पासून ते सगळ्यांना फुकट देते.

1. डोमेन आपल्याच सर्व्हरकडे वळलंय का, ते बघा. फायरवॉलमध्ये पोर्ट 80 आणि 443 उघडा.
2. सर्व्हरवर सर्टबॉट चालवा. डोमेन तुमच्याच ताब्यात आहे, याची खात्री पटली की सर्टिफिकेट मिळतं.
3. जुन्या एचटीटीपी पत्त्यावर येणाऱ्यांना एचटीटीपीएसकडे वळवा.
4. टीएलएस 1.0 आणि 1.1 बंद करा. 2021 मध्येच ते बाद ठरलेत. 1.2 आणि 1.3 ठेवा.

सर्टिफिकेटसोबत एक खासगी किल्ली तयार होते. ती सर्व्हरवरच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात पाठवू नका.

खरी गोची इथे होते

हे सर्टिफिकेट साधारण 90 दिवसच चालतं. मुदत संपली की साइट उघडण्याआधी ग्राहकाला मोठा इशारा दिसतो आणि तो परत फिरतो. त्यात जून 2025 पासून लेट्स एन्क्रिप्टने मुदतीची आठवण करून देणारे ईमेलही बंद केलेत. त्यामुळे सर्टबॉटचं आपोआप नूतनीकरण चालू आहे ना, याची चाचणी पहिल्याच दिवशी घ्या.

आणि ग्राहकांनो, तुमच्यासाठी

सील असलं म्हणजे माल वाटेत कुणी उघडला नाही, एवढंच कळतं. आतला माल चांगला आहे, हे नाही. फुकट सर्टिफिकेट भामट्यालाही मिळतं. म्हणूनच 2023 मध्ये क्रोमने पत्त्याशेजारचं कुलूप काढून टाकलं. पैसे पाठवण्याआधी डोमेनचं स्पेलिंग वाचा आणि खाते नंबर फोन करून विचारून घ्या.