सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणजे तुम्ही नाहीच? कायदा, सत्ता आणि ज्ञान

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित भाग. विषय जड वाटेल, पण सुरुवात आपल्या तळ्यातूनच करू.

समजा, तळा तालुक्यातल्या एका डोंगरउतारावर एक कुटुंब तीन पिढ्या नाचणी-वरी पिकवतंय. गावात कुणालाही विचारा, ती जमीन कोण कसतं? सगळे एकच नाव सांगतील. आता तोच प्रश्न तहसील कचेरीत विचारा. तिथे उत्तर कागद देतो. कागदावर दुसरंच नाव असेल, तर अख्ख्या गावाला माहीत असलेली गोष्ट कायद्याला माहीत नसते.

मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला हे असं दिसतं: टेबलमध्ये जो कॉलमच नाही, ती माहिती सेव्ह होत नाही. मग खरा प्रश्न हा, की कॉलम कोण ठरवतं?

फ्रेंच विचारवंत मिशेल फुको (१९२६–१९८४) यांचं म्हणणं याच्या जवळचं आहे. सत्ता म्हणजे फक्त दंडुका नाही. मोजणी, नोंदवही, तपासणी, अहवाल यांतून सत्ता ज्ञान तयार करते, आणि त्याच ज्ञानाच्या जोरावर पुन्हा सत्ता चालते.

कोकणात याचं जुनं उदाहरण म्हणजे खोती. शेतकऱ्यांकडून वसुली खोत करायचा आणि सरकारकडे भरायचा. वह्याही त्याच्याच हातात. कसणारा राबायचा, पण तो 'कुळ' आहे हे सांगणारा कागद त्याच्याकडे नसायचा. याविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ संप केला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९३९ आणि १९४८ चे कुळकायदे आले, आणि १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ला कसणारं कूळच मालक मानलं गेलं.

कायदा उलटा फिरला. पण कचेरीतला प्रश्न तोच राहिला: कुळ म्हणून नाव लागलंय का? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ सांगतं, की हक्काची नोंद चुकीची सिद्ध होईपर्यंत खरीच मानायची. ऐकायला हे साधं वाटतं. पण म्हणजे पुरावे गोळा करत फिरायचं कुणी? ज्याचं नाव नाही, त्याने.

डोंगरात तर आणखी पेच. इंग्रजांच्या काळात इथल्या कातकरी-ठाकर वाड्यांना शेतीसाठी 'दळी' जमिनी मिळाल्या. नोंद अनेकदा एकट्या नायकाच्या नावावर, कसणारी घरं मात्र बरीच. बाकीची घरं कागदावर नाहीतच.

इथे २००६ चा वनहक्क कायदा महत्त्वाचा ठरतो. त्याच्या २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून काय चालतं बघा: घर, झोपडी, शेताचे बांध, जुनी विहीर, दफनभूमी, आणि वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन. दावा सुरू होतो ग्रामसभेत. म्हणजे म्हातारीला जे आठवतं, त्यालाही कॉलम मिळाला! अर्थात शेवटचा निर्णय जिल्हास्तरीय समितीचाच, त्यामुळे सत्ता पूर्ण खाली आलेली नाही. पण पुरावा कशाला म्हणायचं ही यादी आकाशातून पडत नाही. माणसं भांडली की ती बदलते.

आता सातबारा मोबाईलवर दिसतो. आज घरचा उघडा. फक्त मालकाचं नाव बघून बंद करू नका. कुळ, खंड आणि इतर अधिकारांचा रकानाही वाचा. मग आजीला विचारा, ही जमीन खरंच कोण कसायचं? दोन उत्तरं जुळली नाहीत, तर आजचा विषय तुमच्या घरातच आहे.

काय सापडलं ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!