दोन इंचांची कुयरी

शिरूर-दौंडकडे आरी वर्कचे क्लास वाढलेत, त्यावर ‘घरबसल्या रोजगार’ छापाचा लेख संपादकांना हवा होता. शिरूरच्या एका क्लासात जाऊन बसले आणि तो लेख बाजूलाच राहिला. आरीची साखळी हातात बसली की तिथल्या ताई प्रत्येकीला एक कुयरी देतात. जेमतेम दोन इंचांची, पण सगळी झरदोसीने, म्हणजे सलम्याने भरायची.

जरीकामाचा इतिहास थोडक्यात उरकते. मराठ्यांचं निशाण जरीपटका, तेव्हा जरीचं अप्रूप आपल्याकडे जुनंच. घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्याच, छावणीत पूना हॉर्सचे स्वार असत; १८१७ च्या पुणे तहातून उभ्या राहिलेल्या फौजेतलं हे घोडदळ. त्या शतकातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे गणवेश जरीने मढलेले असत. खरी जर म्हणजे चांदीची तार. ती जंतरातून ओढून केसासारखी बारीक करायची, चपटी ठोकायची, रेशमावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा.

अशी जर सहसा कापडातून आरपार नेत नाहीत. ती वर निजते आणि साधा दोरा तिला जागोजाग बांधतो. आरपार ओढली तर तारेचा पापुद्रा सोलवटतो, शिवाय निम्मं सोनं उलट्या बाजूला, कुणाला न दिसणारं. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या कारागिरांनी यातही एक खोडी काढली होती. बांधणाऱ्या दोऱ्यानेच ते जरीचा इवलासा वेढा मागे खेचून घेत. त्यामुळे प्रत्येक टाक्यापाशी जणू बिजागरी तयार होई आणि सोन्याने भरलेला झगाही अंगावर नीट पडे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला सायन कोप हा चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा झगा त्याच टाक्याचा.

सलम्याची तऱ्हा आणखी वेगळी. तो दोरा नव्हेच, स्प्रिंग आहे. बारीक तार सळईभोवती घट्ट गुंडाळून सळई काढून घेतली की पोकळ नळी उरते. सळई गोल असेल तर नळी गुळगुळीत. कंगोऱ्यांची असेल तर तारेला पैलू पडतात आणि ती चमचमते, तिला नक्षी म्हणतात. ही नळी कात्रीने तुकडे करून मण्यासारखी सुईत ओवायची. खाली आधी सुती दोऱ्याचा भराव. त्याला इथे ‘लोड’ म्हणतात.

सगळा खेळ त्या तुकड्याच्या लांबीचा. केसभर जास्त कापला तर मधे कमान उचलते. कमी कापला तर टोकाला भराव डोकावतो. कुयरीची रुंदी तर टाक्यागणिक बदलते, पोटाकडे वाढते, शेंड्याकडे आटते. म्हणजे दोन तुकडे कधी सारखे नाहीत. मोजपट्टी कुणीच वापरत नाही. ताई तुकडा भरावावर आडवा धरतात, डोळा बारीक करतात, कापतात. “अगं, ओढू नकोस. ओढलास की उसवला,” हे वाक्य दुपारभर ऐकू येत होतं. एकदा ताणलेली स्प्रिंग परत मिटत नाही. तुकडा सरळ कचऱ्यात.

मला ही शिस्त फार आवडली. अडचणी विचारल्या आणि उत्साह ओसरला.

माल पुण्याहून येतो, रविवार पेठेतून, वजनावर. बहुतेक तांब्याच्या तारेचा, वर नावाला मुलामा. घामट हाताने तो काळवंडतो, म्हणून ज्यांच्या हाताला घाम फार येतो त्या मुली दर थोड्या वेळाने पावडर लावतात. खऱ्या चांदीचा सलमा शिकाऊ हातात देणं कुणालाच परवडत नाही. उन्हाळ्यात लाइट गेली की बारीक काम थांबतं. दौंडहून एसटीने येणाऱ्या मुलीला शेवटची गाडी धरायची असते, तेव्हा कुयरीचा शेंडा, म्हणजे सगळ्यांत अवघड भाग, नेहमी घाईत होतो.

आणि गिऱ्हाईक. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन सलमा ओवत नाही, चमकत्या दोऱ्याने त्याचं सोंग आणतं. पण मंडपात चार हातांवरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. हातकामाचा भाव सांगितला की बाई मोबाइलवर मशीनचा ब्लाउज काढून दाखवते. भांडायला ताईंकडे मुद्दे आहेत, वेळ नाही. लग्नाची तारीख आलेली असते. मग बाहीवर आरीची साखळी, मणी, टिकल्या, आणि सलमा फक्त गळ्याजवळच्या एका फुलात.

पुढच्या बॅचच्या मुलींनी आधीच विचारलंय, कुयरी सोडून नुसती आरी शिकवाल का? ताईंनी हो म्हटलंय. फी तीच राहणार आहे.